तुमचे मेल मागायचे आहेत

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

"रात्री एकपर्यंत जागून करतोस तरी काय?" असं आईने रविवारी विचारलं. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. शिवाय तुमच्याकडे काही मागायचंही आहे.

बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ता करावं की थांबावं, असं तुम्ही मला मेलवर सविस्तर विचारलं होतंत. तो मेल स्पॅममध्ये जाऊन पडला आणि मला सापडला तो तीन आठवड्यांनी. मधल्या काळात आपण फोनवर बोललो, पण तुम्ही विषय काढला नाहीत. मुलाला उत्तर द्यायचं नसेल, असं समजून तुम्ही गप्प राहिलात. हे मला अजून टोचतं.

त्यानंतर मी अपाचे स्पॅमअसॅसिनच्या कामाला लागलो. मेलमधला कचरा वेगळा काढणारी ही गाळणी जस्टिन मेसन यांनी 2001 मध्ये सुरू केली, आणि 2004 पासून ती अपाचे फाउंडेशन या मोफत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेचा स्वतंत्र प्रकल्प आहे. ती कोणीही फुकट वापरावी, उघडून बघावी, दुरुस्त करावी. आलेला प्रत्येक मेल शेकडो नियमांवर तपासला जातो, प्रत्येक नियमाचे गुण असतात, आणि नेहमीच्या मांडणीत बेरीज 5 झाली की तो स्पॅम ठरतो. बाबा, तुम्ही विषयाची ओळ सगळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिता ना, त्यालासुद्धा एक नियम आहे! एवढ्यावरून मेल अडत नाही, पण अशा बारीकसारीक गोष्टींची बेरीज होते.

नियम एकदा लिहून मोकळं होता येत नाही. मेलवरची तारीख फार पुढची दिसली तर संशय घ्यायचा, असा एक नियम होता आणि त्यात 2010 पासूनची सगळी वर्षं 'फार पुढची' धरलेली होती. 1 जानेवारी 2010 उजाडला आणि चांगल्या, खऱ्या मेलचेही गुण चढले, काही मांडण्यांमध्ये तर एकदम तीनाच्या वर. चूक आधीच कोणीतरी हेरून दुरुस्त केली होती, पण ती दुरुस्ती वापरणाऱ्यांपर्यंत पाठवायची राहून गेली होती. आई, तू घरातला हिशेब रोजच्या रोज का लिहायचीस, ते मला हे वाचताना कळलं.

आता माझं काम. कोणत्या नियमाला किती गुण द्यायचे, हे स्वयंसेवकांच्या खऱ्या मेलवरून ठरतं. मी माझे मेल एकेक डोळ्यांखालून घालून दोन ढीग करतो: स्पॅम आणि चांगले. चांगल्या मेलला इथे हॅम म्हणतात. रात्री माझ्याच कॉम्प्युटरवर सगळे नियम त्या ढिगांवर चालतात आणि कुठला नियम कुठल्या मेलला लागला, एवढी नोंद प्रकल्पाकडे जाते. पुरेसा साठा जमला नाही, तर नवे गुण बाहेर पडतच नाहीत. एक मेल चुकीच्या ढिगात गेला तरी नोंद बिघडते, म्हणून झोप आली की मी काम थांबवतो. आई, तेवढी काळजी करू नकोस.

स्पॅम हवा तेवढा मिळतो. तुटवडा असतो तो चांगल्या मेलचा, त्यातही इंग्रजी सोडून इतर भाषांतल्या. माझ्याकडे मराठीत मनापासून लिहिलेले मेल आहेत ते बहुतेक तुमचेच. गेल्या तीन-चार वर्षांतले ते मेल हॅमच्या ढिगात घेऊ का? मजकूर माझ्या कॉम्प्युटरबाहेर जाणार नाही. तरीही ते तुम्ही मला लिहिलेले आहेत, तेव्हा तुम्हाला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. आजीच्या आजारपणातले मेल नको असतील तर तसं सांगा, ते बाजूला ठेवीन.

दोघांनी बोलून ठरवा आणि मेलवरच कळवा. हल्ली मी स्पॅमचा कप्पा रोज सकाळी बघतो.

तुमचा,
बाळू