शब्दार्थ नकोत, वाक्ये द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार बालभारतीची पुस्तके टप्प्याटप्प्याने नव्याने होत आहेत. त्यात एक बदल आग्रहाने सुचवते. धड्याखालच्या शब्दार्थांच्या जागी प्रत्येक कठीण शब्दाची दोन-तीन वाक्ये द्यावीत, सोप्यापासून अवघडापर्यंत चढत जाणारी.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र शिकवते. ‘काटकसर म्हणजे मितव्यय’ हे मुले घडाघडा पाठ म्हणतात. ‘वाक्यात उपयोग करा’ म्हटले की वहीत येते, ‘मला काटकसर आवडते.’ वाक्य चुकले नाही, पण शब्द कळलेला नाही. कळणार तरी कसा? अर्थ म्हणून दिलेला शब्द मूळ शब्दापेक्षा परका.

त्याऐवजी फळ्यावर हे लिहून पाहिले. पहिले वाक्य, ‘आईने काटकसर करून पैसे साठवले आणि मला दप्तर आणले.’ दुसरे, ‘पाऊस कमी झाला, म्हणून गावाने पाणी काटकसरीने वापरायचे ठरवले.’ तिसरे, ‘काटकसर करणारा गरजेपुरता खर्च करतो, कंजूस गरज असली तरी हात आखडतो.’ वाचनात मागे असलेले मूल पहिल्या वाक्याशी थांबले तरी त्याच्या हाती काही लागते. पुढचे मूल तिसऱ्यावर वाद घालते. दोन इयत्ता एका खोलीत सांभाळताना याचा केवढा आधार होतो, हे अशा शाळांतले शिक्षकच जाणोत.

वाक्य मात्र कसेही चालत नाही. ‘तो काटकसरी होता’ यातून काहीच उमगत नाही. अर्थाचा धागा वाक्यातच हवा, आणि पहिल्या पातळीवर त्या एका शब्दाखेरीज दुसरा अनोळखी शब्द नको. मराठीत तर शब्दाचे रूपही पालटते. ‘ऊन’ येणारे मूल ‘उन्हात’पाशी अडते, कारण शब्दार्थांत सामान्यरूप नसते. वाक्यात ते आपसूक येते. मेळघाटात कोरकू किंवा नंदुरबारकडे पावरी बोलणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांना तर हे शब्द शाळेबाहेर फारसे कानावरही पडत नाहीत. त्यांची भिस्त या वाक्यांवरच राहील.

तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचे लक्ष्य आहे. तपासताना सगळे लक्ष ६० या आकड्याकडे जाते. ‘अर्थासह’साठी पुस्तकात सोय हवी.

यासाठी मोठा खर्च नको. धड्यामागे पाच-सहा शब्द पुरेत. वाक्ये केंद्रांच्या (जवळच्या शाळांच्या गटांच्या) शिक्षण परिषदांतून शिक्षकांकडूनच मागवा, बालभारतीच्या भाषा समितीकडून तपासून घ्या, वर्गात मुलांपुढे वाचून पाहा आणि मगच छापा. पुस्तके छापून झाली असतील, तर तोवर ई-बालभारतीवर ठेवा. आमच्या केंद्रातली वाक्ये गोळा करून पाठवायची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका