मॉरिसचा पुढचा शॉकअप नुसता शॉकअप नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवर लेख आला तो वाचला. फोटो मस्त होते, पण एक वाक्य खटकलं. मॉरिस मायनर या जुन्या ब्रिटिश गाडीचे लिव्हरवाले शॉकअप (तेलाच्या डब्यातून दांडा बाहेर येतो ते) काढून टाका, ट्यूबवाले (आजच्या गाड्यांत असतात तसे नळीचे) बसवा, गाडी नवीन होते, असं त्यात आहे. मागच्या चाकांबद्दल असतं तर मी काही बोललो नसतो, तिकडे ॲक्सल पाट्यांनी धरलेलं असतं, लिव्हर काढला तरी ते कुठं जात नाही. पण पुढं कोणी हे असंच केलं तर चाकाला वरून धरायलाच काही राहणार नाही बाप्पा.

कारण मायनरला पुढं शॉकअपचा जो लिव्हर बाहेर येतो तोच वरचा आर्म आहे. वेगळा आर्म नाहीच तिथं. चाकाचा वरचा सांधा थेट त्या लिव्हरच्या टोकाला असतो, खालचा आर्म वेगळा आणि गाडीचं वजन लांब टॉर्शन बारवर, म्हणजे पिळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यावर. या गाडीचा डिझायनर ॲलेक इसिगोनिस, त्याने 1948 मध्ये आणलेली ही रचना आहे, कमी भागांत जास्त काम. म्हणून ट्यूब बसवायची तर दोनच सरळ मार्ग: एक तर जुना लिव्हर आर्म म्हणून तसाच ठेवायचा, त्याचा आतला व्हॉल्व्ह काढायचा आणि ट्यूब शेजारी ब्रॅकेटवर लावायची, नाहीतर लिव्हरच्या जागी त्याच मापाचा नवा पक्का वरचा आर्म करून लावायचा. पहिल्या मार्गात आपले मिस्त्री एक गडबड हमखास करतात, आता हा शॉकअप राहिला नाही ना, मग तेल कशाला, म्हणून सगळं रिकामं करतात. अरे पण आतला शाफ्ट त्याच तेलावर फिरतो, कोरडा चालवला की झिजतो, मग चाक वरून हलायला लागतं न गाडी ब्रेक मारला की एकीकडं ओढते.

ट्यूब चांगलीच आहे, त्यात वाद नाही. लिव्हरवाल्यात पिस्टन जरासाच सरकतो, म्हणून तेलावर दाब जास्त येतो, सील गळतं, आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तेल असं पातळ होतं की वर्धा रोडवर एका गतिरोधकानंतर गाडी डोलतच राहते. ट्यूबमध्ये पिस्टन लांब फिरतो, दाब कमी, आणि खराब झाली की नवी लावता येते. पण लिव्हरवाला गळतोय म्हणून लगेच फेकायचा काहून? सील बदला, जरा जाड तेल भरा, बरेचसे पुन्हा कामाला लागतात. आणि गाडी पुढून बसलीय म्हणून शॉकअप बदलणाऱ्यांना तर काय सांगावं, शॉकअप गाडीचं वजन उचलतच नाही, ते टॉर्शन बारचं काम, उंची तिथंच सेट करावी लागते. पुढून खडखड येत असेल तर आधी खालचा सांधा आणि बुश बघा. ग्रीस न देता चालवलेला खालचा सांधा निसटला की चाक सरळ आडवं होतं, या गाडीचा हा जुना आणि धोक्याचा दोष आहे.

तरीही करायचंच असेल तर माप नीट घ्या. चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली, दोन्ही वेळा मोजायचं. ट्यूब लांबीला मोठी पडली तर खड्ड्यात तीच आधी टेकते आणि वरचं ब्रॅकेट पत्र्यासकट फाटतं, लहान पडली तर चाक खाली लोंबलं की ताणून तुटते. जो पत्रा या जोरासाठी बनलाच नाही तिथं नुसतं वेल्डिंग ठोकून चालत नाही, जमेल तिथं जुन्या शॉकअपच्या बोल्टांवरच ब्रॅकेट घ्या.

हे बोल्टचं मी फक्त मजबुतीसाठी म्हणत नाही. 2021 च्या केंद्रीय नियमाप्रमाणे 50 वर्षांवरची दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं, फी 20 हजार, नोंदणी 10 वर्षांची. मायनर बनणं 1970 च्या दशकाच्या सुरवातीलाच थांबलं, म्हणजे आता वयानं सगळ्याच बसतात. पण गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको अशी अट आहे. बोल्टवर बसलेली ट्यूब उद्या काढता येते, चेसिस कापून केलेली नाही. कापायला एक दुपार पुरते, चेसिस परत जागेवर आणणारा कारागीर मात्र सक्करदऱ्यापासून सिव्हिल लाइन्सपर्यंत शोधावा लागतो.

तेव्हा एवढी विनंती, की येत्या रविवारी त्या वाक्याची दुरुस्ती छापा, आणि काढलेले लिव्हर भंगारात देऊ नका हेही त्यात घाला. पुढच्या मालकाला मूळ गाडी हवी असेल तर तेच लागतील.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर