तक्रार पत्र: जहाजांच्या फीडमधील बॅरलचा आकडा कुठून येतो, हे न दाखवण्याबाबत

प्रति,
ग्राहकसेवा प्रमुख,
जहाज व माल माहिती सेवा

विषय: तेलवाहू जहाजांच्या मालाच्या आकड्यांमागचा स्रोत उघड करण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या फीडवरून (आपण सतत पाठवत असलेल्या माहितीवरून) आम्ही कच्च्या तेलाची आवक-जावक मोजतो आणि त्या मोजणीवर सौदे ठरतात. फीडमध्ये प्रत्येक फेरीपुढे बॅरलचा एकच आकडा असतो. तो बिल ऑफ लेडिंगवरचा (माल चढवल्याच्या पावतीवरचा) आहे, बंदर एजंटाच्या यादीतला आहे, ड्राफ्टवरून (जहाज पाण्यात किती खोल बुडाले आहे त्यावरून) काढलेला आहे, की जहाजाच्या क्षमतेला ठरावीक टक्के लावून बसवलेला आहे, हे कुठेही कळत नाही. विचारले की 'अनेक स्रोतांवर आधारित' एवढेच उत्तर मिळते. समुद्रातल्या मालाबाबत अंदाज करावाच लागतो, हे आम्हालाही मान्य आहे. पण अंदाज आणि प्रत्यक्ष नोंद एकाच रकान्यात एकसारखी छापली, की कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे ठरवायला ग्राहकाकडे काहीच उरत नाही.

ड्राफ्टचेच पाहा. एआयएसच्या (जहाजांची ओळख व स्थान आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रणेच्या) संदेश क्रमांक ५ मधून तो दर ६ मिनिटांनी प्रसारित होतो, म्हणून ताजा वाटतो. प्रत्यक्षात तो जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो, आणि माल भरून जहाज बंदराबाहेर पडले तरी बऱ्याचदा जुनाच आकडा चालू राहतो. त्याचे एकक १० सेंटिमीटर आहे. भरलेली व्हीएलसीसी (अतिविशाल तेलवाहू जहाज) आणखी १ सेंटिमीटर बुडायला ढोबळमानाने १६५ टन माल लागतो; म्हणजे एका पायरीचा फरक सुमारे १२ हजार बॅरलचा. अर्धा मीटर चुकीचा भरला, तर ६० हजार बॅरल इकडचे तिकडे होतात. त्यात बॅलास्टचे (तोल राखण्यासाठी जहाजात भरलेले) पाणी आणि नदीमुखातल्या पाण्याची कमी घनता यांची भर पडते. शिवाय या संदेशात शून्य ड्राफ्टचा अर्थ 'माहिती उपलब्ध नाही' असा आहे. आपल्या फीडमध्ये मात्र अशी जहाजे 'रिकामी' म्हणून आली आहेत. ही चूक साध्या तपासणीत पकडता आली असती.

टनाचे बॅरल करतानाही हेच. सगळ्या मालाला ७.३३ हा एकच गुणक लावलेला दिसतो. ३४ च्या आसपास एपीआय ग्रॅव्हिटी (तेलाच्या हलकेपणाचे माप; आकडा कमी, तर तेल जड) असलेल्या तेलाला तो जवळपास चालतो. २० एपीआयच्या जड तेलाचे मात्र टनाला साधारण ६.७३ बॅरलच होतात. २,७०,००० टनांच्या एका मालात हा फरक १ लाख ६० हजार बॅरलच्या वर जातो. गुणक आणि गृहीत धरलेली ग्रेड (तेलाचा प्रकार) शेजारी दिली असती, तर दुरुस्ती आम्हीच करून घेतली असती.

समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात माल घेतला जातो, तेव्हा दोन जहाजे कित्येक तास जवळपास स्थिर, एकमेकांना लागून दिसतात. देणाऱ्याचा ड्राफ्ट बदलला नाही तर तोच माल दोन्हीकडे मोजला जातो. अशा नोंदींवर 'अनुमानित' अशी खूण हवी. आज ती नाही. जीपीएसमधील हस्तक्षेपामुळे किंवा मुद्दाम खोटे स्थान प्रसारित केल्यामुळे बिघडलेल्या नोंदींवरही नाही.

'दोन स्रोतांनी पुष्टी' या शेऱ्याला आमचा विशेष आक्षेप आहे. दोन पुरवठादारांनी एकाच उपग्रह कंपनीकडून एआयएस विकत घेतले असेल, तर ते दोन स्रोत नव्हेत. एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदा नोंदवल्यासारखे आहे. मूळ कोणाचे हे लपवायचे असेल, तर निदान स्रोतांच्या कुळाला (एकाच मुळातून आलेल्या स्रोतांच्या गटाला) एक सांकेतिक क्रमांक द्या. नाव नको, वेगळेपणा कळू द्या.

सर्वांत मोठे नुकसान होते ते इतिहास गुपचूप बदलल्यामुळे. माल उतरल्यावर किंवा सीमाशुल्काची आकडेवारी आल्यावर आपण जुनी नोंद सुधारता, ते योग्यच आहे. परंतु मूळ आकडा पुसला जातो. मग सौदे ठरवण्याची एखादी पद्धत मागील वर्षांच्या आकड्यांवर तपासताना तिला त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसलेली माहिती मिळते. तपासणीत ती उत्तम ठरते, आणि प्रत्यक्ष सौद्यात फसते. कारण शोधायला गेले तर हाती काही लागत नाही, कारण त्या दिवशी फीडमध्ये काय होते याचा पुरावाच उरलेला नसतो.

आमच्या अनुपालन विभागाचाही प्रश्न आहे. बंदर एजंट किंवा टर्मिनलमधून आलेली अप्रकाशित माहिती नकळत वापरली गेली, तर बाजारातील गैरवापराच्या नियमांखाली उत्तर आम्हाला द्यावे लागते.

म्हणून फीडच्या प्रत्येक नोंदीत पुढील गोष्टी मिळाव्यात: आकडा नोंदलेला, अनुमानित की गृहीत; स्रोताचा प्रकार आणि कुळ क्रमांक; वापरलेला ड्राफ्ट आणि तो शेवटचा बदलल्याची वेळ; ग्रेड आणि गुणक. घटनेची वेळ, आपल्याला कळल्याची वेळ आणि प्रसिद्ध केल्याची वेळ हे तीन रकाने वेगळे असावेत. दुरुस्ती झाली की जुनी ओळ राहू द्यावी आणि नवी ओळ आवृत्ती क्रमांकासह जोडावी. जहाजाची ओळख आयएमओ क्रमांकावर (जहाजाच्या कायमस्वरूपी क्रमांकावर) बांधावी. एमएमएसआय (जहाजाचा रेडिओ ओळख क्रमांक) हा झेंडा, म्हणजे नोंदणीचा देश, बदलला की बदलतो आणि फेरी मध्येच तुटते.

शून्य ड्राफ्टची चूक ७ दिवसांत सुधारून बाधित नोंदींची यादी पाठवावी. बाकीच्या रकान्यांचे लेखी वेळापत्रक ३० दिवसांत मिळावे. तोपर्यंतच्या शुल्कात योग्य सूट द्यावी. वेळापत्रक न आल्यास आम्ही कराराचे नूतनीकरण करणार नाही. तपासलेल्या नोंदींची फाईल सोबत जोडली आहे. प्रत्येक ओळीपुढे आमचा आक्षेप लिहिला आहे, त्याच ओळीत उत्तर द्यावे.

आपले विश्वासू,
कच्चे तेल विश्लेषण गट
(सदस्य ग्राहक)