कोंबड्या वाटता, मग लसही वाडीवर पोहोचवा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत स्वयंपूर्ण घरासंबंधी आलेला लेख वाचला. मागील दारचे वाळवण, घरच्या घरी केलेले खत, सांडपाण्यावर वाढवलेली केळ, परसातल्या कोंबड्या असे बरेच काही त्यात आहे आणि शहरातून गावी परतू पाहणाऱ्या तरुण कुटुंबांना तो उपयोगी पडेल यात शंका नाही. मात्र या सर्वांत कोंबड्या पाळणे सर्वांत सोपे, कारण त्या आपले पोट आपण भरतात, हे लेखातले विधान मला अपुरे वाटते. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी कोकणात झाली आणि निवृत्तीनंतर घरीही मी कोंबड्या बाळगून आहे. त्या अनुभवावरून सांगतो की कोंबडी पोट आपले आपण भरते हे खरे असले, तरी ती जगते की नाही हे लसीच्या एका लहानशा बाटलीवर अवलंबून असते आणि ती बाटली आपल्या वाड्यांवर पोहोचत नाही. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

आधी थोडा हिशोब मांडतो. माणशी वर्षाला १८० अंडी खावीत अशी आपल्याकडील आहारशास्त्रज्ञांची शिफारस आहे आणि देशातली उपलब्धता अजून माणशी शंभराच्या आसपासच आहे. चार माणसांच्या घराला शिफारशीप्रमाणे ७२० अंडी लागतील. आपली गावठी कोंबडी वर्षाला ५० ते ६० अंडी देते, तीही एकदम नव्हे, तर तीन-चार पाळ्यांत, आणि मधल्या काळात ती खुडूक होते, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवायला बसते. म्हणजे बारा ते चौदा कोंबड्या हव्यात, आणि शिवाय काही अंडी उबवणीसाठी राखून ठेवावी लागतील. एवढ्या कोंबड्या कोकणातल्या सामान्य घराच्या आवारात सहज वावरू शकतात. शालेय पोषण आहारातील अंड्यांसाठीचा निधी राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये थांबवल्यानंतर तर घरच्या अंड्याचे मोल अधिकच वाढले आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांवर गेलेली दिसते, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक. तेव्हा लोकांना कोंबड्या नकोत असे मुळीच नाही.

त्या टिकत का नाहीत? मुंगूस, घार आणि उदमांजर यांचा वाटा असतोच, पण त्यांच्यावर उपाय माणसाच्या हातात आहे. चिऱ्याच्या जोत्यावर फळ्यांचे खुराडे, दाराला बारीक जाळी, आत बसायला आडवे बांबू आणि पिल्लांसाठी पहिले काही आठवडे बांबूचे डालगे एवढे केले तरी नुकसान निम्म्यावर येते. हे सगळे घरच्या सामानात होते. बाजारात शहरी हौशी मंडळींसाठी तयार खुराडी मिळू लागली आहेत. त्यांचे पातळ पत्रे मेच्या उन्हात तापतात, आणि ज्याच्या घरी जुन्या फळ्या पडून आहेत त्याने त्यांच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा शत्रू मानमोडी. शास्त्रीय व्यवहारात तिला राणीखेत म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाला, विशेषतः शिमग्याच्या सुमारास पाहुण्यांसाठी किंवा राखणीसाठी, म्हणजे गावच्या राखणदार देवाला देण्यासाठी, बाजारातून कोंबडा आणला जातो आणि त्याच्याबरोबर रोग वाडीत शिरतो. कोंबडी पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, चोच उघडी टाकून श्वास घेते, हिरवट-पांढरी हगवण लागते आणि जगलीवाचली तर मान मुरडून स्वतःभोवती फिरू लागते. लस न टोचलेल्या खुराड्यात दोन-चार दिवसांत एखाद-दुसरी कोंबडी शिल्लक राहते. यावर औषध नाही. मग लोक जे करतात ते स्वाभाविक असले तरी घातक असते: अजून धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या ते घाईने आठवडा बाजारात विकतात आणि मेलेल्या वहाळात टाकतात. अशा रीतीने एका घरची मर आठवड्याभरात चार गावांची होते. मेलेली कोंबडी चुना टाकून खोल पुरावी, हे सांगून सांगून आमच्यासारख्यांचे घसे कोरडे झाले. पण ज्या बाईचे वर्षभराचे अंड्यांचे पैसे दोन दिवसांत गेले, तिला उरलेली कोंबडी विकू नकोस असे सांगायला तोंड कुठले असणार?

या रोगावर लस आहे, ती जुनी आहे, स्वस्त आहे आणि खात्रीची आहे. पुण्यात औंध येथील राज्य शासनाच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत राणीखेतची लस तयार होते. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकायचा. पिल्लू मुठीत धरून मान किंचित कलती करायची, थेंब पडला की ते पापणी मिटते, उघडते, आणि थेंब आत जिरलेला दिसला की मगच त्याला खाली सोडायचे. चौथ्या आठवड्यात पुन्हा एक थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली टोचायची दुसरी लस. हे काम इतके सोपे आहे की दहावी झालेली मुलगी एका सकाळीत शिकते.

अडचण बाटलीच्या आकाराची आहे. लसीची बाटली किमान शंभर मात्रांची येते आणि मोठ्या पोल्ट्रीवाल्यांसाठी पाचशे-हजारांची. कोरडी लस द्रावणात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते आणि तोपर्यंत ती बर्फात ठेवावी लागते. ज्या घरी आठ कोंबड्या आणि बारा पिल्ले आहेत, त्या घराने शंभर मात्रांची बाटली तालुक्याहून बर्फात घालून आणायची, वीस मात्रा वापरायच्या आणि ऐंशी ओतून द्यायच्या, असा याचा अर्थ होतो. कोणीही शहाणा माणूस हे करणार नाही, आणि करतही नाही. दहा हजार पक्ष्यांच्या शेडला मात्र ही बाटली अगदी योग्य. म्हणजे लस तयार होते ती ज्यांना पशुवैद्यक पगारावर ठेवता येतो त्यांच्या सोयीने, आणि जिच्याकडे बारा कोंबड्या आहेत ती तिच्या नशिबावर.

या पार्श्वभूमीवर शासनाच्या वाटप योजनांकडे पाहावे. पंचवीस तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) आणि तीन नर यांचा गट, किंवा एक दिवसाची शंभर पिल्ले, निम्म्या अनुदानावर देण्याची योजना आपल्याकडे बरीच वर्षे आहे. योजना चांगली आहे. खडकी, औरंगाबाद, नागपूर आणि कोल्हापूर येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांनी लाखो घरांना पिल्ले पुरवली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात जवळजवळ ३५ अंश उष्णता लागते, आणि मृगाच्या पहिल्या पावसात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस जाते. बल्ब विझला की पिल्ले उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. तेव्हा आठ आठवड्यांच्या तलंगांचा गट हाच वाटपासाठी बरा, आणि तो लसीकरण पूर्ण करून, तसे लेखी देऊनच वाटावा. नगाची संख्या कमी झाली तरी चालेल. आमच्याकडे अहवालात वाटलेल्या पक्ष्यांचा आकडा असतो. सहा महिन्यांनी जगलेल्यांचा रकाना मी कधी पाहिला नाही.

याला जोडून जातीविषयीही लिहितो, कारण स्वयंपूर्णतेची गोष्ट इथे उलटी फिरते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज आणि ग्रामप्रिया या जाती गावठीच्या दुप्पट-तिप्पट अंडी देतात आणि वजनही भरपूर धरतात. पण अधिक अंडी देणारी ही कोंबडी सहसा खुडूक होत नाही. तिच्या पिल्लांत आईबापांचे गुण पूर्ण उतरतही नाहीत. म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी पुन्हा उबवणी केंद्राच्या दारात जावे लागते. शिवाय अंगाने जड असल्याने घार झडप घालते तेव्हा गावठी जशी उडून झाडावर जाते तशी ही जाऊ शकत नाही. माझा सल्ला असा असतो की दोन-तीन गावठी कोंबड्या खुडकीसाठी हमखास ठेवाव्यात. टोपलीत राख, वर पेंढा, त्यात दहा-बारा ताजी अंडी आणि वर खुडूक कोंबडी. सातव्या रात्री एकेक अंडे बॅटरीच्या झोतासमोर धरले की फळलेल्या अंड्यात लाल शिरांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे जाळे दिसते, कोरे अंडे तसेच स्वच्छ राहते आणि ते काढून टाकता येते. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. ना वीज लागते, ना यंत्र.

खाद्याचेही तसेच. कणी, कोंडा आणि नाचणीचा चुरा घरचाच असतो. तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घातल्या की अंड्याच्या कवचाला लागणारा चुना मिळतो. पिल्लांसाठी वाळवी उत्तम: जुन्या मडक्यात ओले शेण, गोणपाटाचे तुकडे आणि पेंढा कोंबून ते संध्याकाळी वारुळाजवळ उपडे घालावे, सकाळी ते वाळवीने भरलेले सापडते. अझोला या पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या वनस्पतीचे कौतुक मात्र जरा बेताने व्हावे. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे तो हिरवा पाला म्हणून ठीक, पण त्याने खाद्याचा खर्च संपतो असे सांगणाऱ्यांनी कोंबडीला एक हंगाम त्यावर ठेवून पाहावे. कोंबडखत ताजे असताना भाजीच्या मुळाशी घालू नये, रोपे जळतात. पालापाचोळ्यात दोन-तीन महिने कुजवून मग वापरावे.

आणखी एका सरकारी अन्यायाकडे लक्ष वेधतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावापासून राज्यात पुन्हा साथ सुरू झाली. नियमानुसार बाधित ठिकाणाभोवतीच्या एक किलोमीटरमधील सर्व पक्षी मारावे लागतात, आणि संसर्ग रोखण्यासाठी ते आवश्यकच आहे. पण २०२१ च्या साथीत अंडी देणाऱ्या प्रौढ कोंबडीला भरपाईचा दर ९० रुपये होता, मग ती शेडमधली असो की परसातली. गावठी कोंबडीला बाजारात याच्या कितीतरी पट मिळतात, हे कोणत्याही आठवडा बाजारात कळते. असा दर असेल तर लोक मेलेली कोंबडी कळवतील का लपवतील, याचा विचार दर ठरवणाऱ्यांनी करायला हवा होता. परसातल्या पक्ष्यांसाठी वेगळा दर ठरवावा.

लसीकडे परत येतो, कारण त्यावर उत्तर अस्तित्वात आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड येथे विकसित झालेली आय-टू ही राणीखेतची लस थंड पेटीबाहेर काही आठवडे टिकते. मोझांबिक आणि टांझानियातील खेड्यांत गावातलेच प्रशिक्षित लसीकर, बहुतेक ठिकाणी स्त्रियाही, दर चार महिन्यांनी घरोघर फिरून तिचा थेंब डोळ्यात टाकतात आणि कोंबडीमागे अल्प मोबदला घेतात. आपल्याच देशात तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने गावठी कोंबड्यांसाठी तोंडावाटे देण्याची गोळीवजा लस तयार केली आहे. औंधच्या संस्थेने या दिशेने काम करावे, आणि ते होईपर्यंत निदान वीस-पंचवीस मात्रांची बाटली काढावी. औषध कंपन्यांना लहान बाटलीत नफा नसतो हे समजू शकते. शासकीय संस्थेला तो मुद्दा लागू पडू नये.

यातले काही शासनाची वाट न पाहताही होते. शंभर मात्रांची बाटली एका घराला मोठी असली तरी एका वाडीला नेमकी पुरते. बचत गटांच्या उमेद अभियानात प्रशिक्षित झालेल्या पशुसखी, म्हणजे जनावरांची प्राथमिक काळजी घेणाऱ्या गावातल्याच स्त्रिया, बहुतेक तालुक्यांत आहेत. त्यांना एक थर्मास आणि बर्फ द्यावा, आदल्या दिवशी वाडीत निरोप द्यावा की उद्या उजाडेपर्यंत खुराड्याचे दार उघडू नका, आणि पहाटे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे. दिवसा मोकळ्या सुटलेल्या कोंबड्या धरता धरता माणूस थकतो आणि लस मरते, म्हणून वेळ पहाटेचीच हवी. एका घराने नकार दिला तर त्याचा फटका सगळ्या वाडीला बसतो, एवढे मात्र आधी समजावून सांगावे लागते.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत कोंबड्यांच्या लसीकरणाचा एक विषय घालावा, अशी विनंती मी आपल्या वृत्तपत्राद्वारे कोकणातील सरपंचांना करतो. तेव्हा दिवस ठरला तर फेब्रुवारीत मोठ्या कोंबड्यांची फेरी पूर्ण होते आणि शिमग्याचा बाजार भरण्यापूर्वी त्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती आलेली असते. पुढची फेरी पावसाळ्यापूर्वी, नव्या पिल्लांसाठी. लसीचा खर्च ग्रामपंचायतीच्या निधीतून सहज भागण्यासारखा आहे, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात महिनाभर आधी मागणी नोंदवली तर बाटल्या मिळतात.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी