मॉन्टेसरीला महागडा किट कशाला?

संपादक साहेब, हल्ली लहान मुलांना घरीच मॉन्टेसरी पद्धतीनं, म्हणजे वस्तू हाताळत, स्वतः करत शिकवायचं म्हटलं की लोक आधी ऑनलाइन लाकडी किट मागवतात, हजारो रुपये जातात आणि पोरगं खेळतं खोक्याशी! अहो, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा शंखशिंपले, बिया, पानं असलंच साहित्य वापरलं ना. आमची लेक साडेतीन वर्षांची, ताटात राजमा-चवळी मिसळून दिली की चिमटीनं वेगळं करत बसते, सांडलं तर फडकं तिनंच आणायचं. आठवड्याचं प्लॅनिंग मी करते पण पेन्सिलनेच, कारण तिला मंगळवारी पाणीच ओतायचं असेल तर अक्षरं बुधवारी. तुमच्या पुरवणीत ताराबाईंच्या कोसबाडच्या बालवाडीवर एखादं पान द्या की.

– एक आई, डोंबिवली