मुलांच्या मगरीला हात लावू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरला पहिल्यांदाच लिहितेय, मोबाईलवर टाईप करतेय त्यामुळं ऱ्हस्व दीर्घ तुम्ही बघून घ्या. सांगलीत गावभागात माझी पिठाची गिरणी आहे. सकाळी दळण, संध्याकाळी दळण, आणि मधल्या वेळेत गिरणीच्या ओट्यावर आजूबाजूच्या वाड्यातली पोरं. मे महिन्यात तर विचारूच नका. यंदा त्यातल्या सात जणांनी मिळून समुद्रसफरीची एक गोष्ट लिहिली, दोन वह्या भरून, आणि एका कथास्पर्धेला पाठवली. वह्या परत आल्या, वर लाल पेनानं तीन शेरे. विषय आपल्या भागाशी संबंधित नाही. कथेतून बोध मिळत नाही. प्रवास अपूर्ण आहे. बक्षीस मिळालं नाही याचं मला काही वाटत नाही, ते कुणालातरी मिळणारच, पण या तीन शेऱ्यांचं मला फार लागलं आणि आमची कप्तान (गोष्टीतल्या जहाजाची, चौथीत आहे) दोन दिवस ओट्यावर आलीच नाही, म्हणून हे पत्र.

पहिला शेरा आधी घेते. समुद्र आपल्या भागाचा नाही म्हणे. अहो पोरांचं यावरनंच पहिलं भांडण झालं होतं. निम्मी पोरं म्हणत होती समुद्र म्हणजे गणपतीपुळे, आंबा घाट उतरला की आलाच. तेवढ्यात चष्मेवाल्यानं नकाशाचं पुस्तक आणलं आणि सगळ्यांना गप्प केलं. कृष्णा उगवते महाबळेश्वरला, तिथनं अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटर, पण ही बाई तिकडं पाठ फिरवते आणि सातारा सांगली करत, कर्नाटक तेलंगणा आंध्र ओलांडत १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. म्हणजे आमच्या घाटावर सोडलेली कागदी होडी बुडली नाही तर कुठं जाणार, समुद्रालाच की. कप्तान म्हणाली, "गणपतीपुळ्याला जायचं तर घाटात होडी डोक्यावर घ्यावी लागंल, हिकडनं गेलं की नदीच नेती." मतदान झालं आणि पूर्वेकडं जायचं ठरलं, पाच विरुद्ध दोन.

आणि जहाज कसलं, तर काहील. गुऱ्हाळातली, गूळ करायची भलीमोठी कढई. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, वारणा कृष्णेच्या काठची माणसं पूर्वी काहिलीत बसून नदी पार करायची, माझ्या माहेरी मी स्वतः बसलेय. ती असते गोल, त्यामुळं तिला पुढची बाजू मागची बाजू नसते आणि वल्हं मारलं की जागेवर गरगर फिरते. हे पोरांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी विचार करून काढलं, आणि त्याच्यावर उपायही काढला. सगळ्यात जाडा जो आहे त्याला एका कडेला बसवायचं आणि तो बसलाय ती मागची बाजू असं जाहीर करायचं. तो जेवायला मधी आला की जहाज फिरायला लागतं, म्हणून त्याचं ताट जागेवर न्यायचं असा जहाजाचा नियम क्रमांक एक. शीड माझ्या गिरणीतल्या गव्हाच्या पोत्यांचं, त्यावर अजून तीस किलो लिहिलेलं, म्हणून समोरची जहाजं आपल्याला हलकं समजतील अशी भीती सुकाणूवाल्यानं लिहिलीय. ते वाचून मी गिरणी बंद करून हसले.

आयर्विन पुलाखालनं सफर सुरू होते. पूल १९२९ चा, त्याच्यावरचे पुराच्या पाण्याचे फुटांचे आकडे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. हरिपूरला वारणा येऊन मिळते तिथं थांबून त्यांनी पेवातली (जमिनीखालच्या कोठारातली) हळद भरून घेतली, परदेशात पैसे चालले नाहीत तर हळद चालेल म्हणून. पुढं मगर. आता मगर काय कल्पनेतली नाही, आमच्या कृष्णेत खऱ्या मगरी आहेत, पण ही मगर नदीत आडवी पडून टोल मागते. सुट्टे नव्हते म्हणून पोरांनी तिला भडंग दिलं, लसूण जास्त असलेलं, आणि तिखट लागून तिच्या डोळ्यातनं घळाघळा पाणी यायला लागलं. चष्मेवाल्यानं खाली लिहिलंय, "हेच खरे नक्राश्रू, बाकीचे खोटे असतात." मराठीच्या तासाला म्हणी वाक्प्रचार पाठ करून मार्क मिळवणारी पोरं लाखभर असतील, पण शब्द असा हातात घेऊन उलटापालटा करणारी किती मिळतील तुम्हीच सांगा. नरसोबाच्या वाडीला दत्ताचं दर्शन आणि कवठाची बर्फी, तिथं फार वेळ नाही, एक ओळ फक्त.

आणि मग आलमट्टी, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. सांगलीत पावसाळ्यात हे नाव घेतल्याशिवाय एक दिवस जात नाही, धरणाचा विसर्ग किती, वाढवला का, कधी वाढवणार. पोरांच्या गोष्टीत आलमट्टी हा २६ तोंडांचा राक्षस आहे, कारण धरणाला दारं २६. तो वाईट नाही, झोपाळू आहे, तोंडं मिटून झोपतो आणि पाणी मागं फुगत जातं. मोठी माणसं काठावर उभी राहून "विसर्ग कर, विसर्ग कर" ओरडतायत पण त्याला कळत नाही ते काय मागतायत. तेव्हा सगळ्यात धाकटी, दुसरीतली, म्हणते विसर्ग म्हणजे दोन टिंबं, दुःखातली असतात ती. कागदावर दोन टिंबं काढून ती राक्षसाच्या एका तोंडाशी धरते, त्याला वाटतं खाऊ आहे, तो आ करतो, मग दुसरं तोंड म्हणतं मला, तिसरं म्हणतं मला, असे २६ कागद. पाणी सुटतं आणि काहीलही सुटते.

संपादक साहेब, हे वाचून मला हसूही आलं आणि मी जरा वेळ गप्पही बसले. कारण आमची कप्तान आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये, साडेतीन वर्षांची होती, घराच्या गॅलरीतनं तिला खाली बोटीत घेतली होती. तेव्हा आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ ची. माझ्या गिरणीचं जातं आणि मोटर दोन्ही पाण्यात गेले. त्याच दिवसात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. नंतर कितीतरी दिवस आमच्या बोळात पोरांनी होडीचा खेळ काढला की आया आतनं ओरडायच्या, बंद करा ते. आणि आता तीच पोरगी होडीची कप्तान होऊन आलमट्टीला दोन टिंबं खायला घालून पुढं जाते. या गोष्टीत बोध नाही असं ज्यांनी लिहिलं त्यांना मी काय सांगू.

मधली धरणं त्यांनी झोपेत ओलांडली. श्रीशैलमला १२ दारं, नागार्जुनसागरला २६, विजयवाड्याच्या बॅरेजला ७०, आलमट्टीची धरून बेरीज १३४ आणि ती बरोबर आहे, मी कॅल्क्युलेटरवर तपासली. नागार्जुनसागरच्या पाण्यात खरंच जुन्या बौद्ध वस्तीची जागा बुडालीय आणि तिथले अवशेष आधीच काढून डोंगरावर नेऊन ठेवलेत, तो डोंगर आता बेट झालाय, हे पोरांनी वाचलं होतं, म्हणून तिथल्या माशांनी त्यांना विचारलंय, तुमच्या गावात पाणी आलं तेव्हा तुम्ही सामान कुठं ठेवलं? पोरं सांगतात, माळ्यावर. मासे म्हणतात आमच्याकडं माळा नाही.

शेवटी चाचे भेटतात, समुद्राच्या तोंडावर, तलवारी घेऊन, सोनं काढा म्हणून. पोरं पोतं उघडतात. पिवळं दिसलं म्हणून चाचे तुटून पडतात, हातात घेतात, तोंडाला फासतात, एकमेकांच्या अंगावर उडवतात. मग कप्तान शांतपणे सांगते, काका, तुम्हाला आता हळद लागली, लग्न लागेपर्यंत तुम्हाला घराबाहेर पडता येत नाही. चाच्यांचं घर म्हणजे त्यांचं जहाज! त्यातला म्हातारा चाचा म्हणतो खरंय, माझ्या वेळी पण असंच होतं. झालं, सगळे आपल्या जहाजावर अडकून बसले, हॉल कुठला बघायचा, बँड कोण सांगणार यावर त्यांचीच भांडणं लागली आणि आमची काहील गरगरत समुद्रात गेली. एकही गोळी नाही, मारामारी नाही, आपल्या घरातल्या रीतीवर शत्रू अडकवला. मला विचाराल तर ही युक्ती सुचायला मोठी अक्कल लागते.

तिसरा शेरा, प्रवास अपूर्ण. कप्तान पाण्यात बोट बुडवून चाटते, म्हणते खारट आहे, आणि पुढची ओळ अशी, "मग आईनं हाक मारली आणि आम्ही जेवायला घरी गेलो." परीक्षकांना पाहिजे होतं की परतीचं वर्णन करा. मी कप्तानला विचारलं, एवढ्या लांबनं एका ओळीत कशा आलात गं? तर म्हणाली, "काकू, आईनं हाक मारली की यावंच लागतंय, तिथं रस्ता नसतोय." मला तरी पटलं.

ही सांगली आहे साहेब. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं सीतास्वयंवर नाटक केलं, त्या काळच्या खेळात राक्षसपार्टी आरोळ्या ठोकत यायची, सरस्वती मोरावर बसून नाचत यायची, लोकं पहाटेपर्यंत बघायची. त्या गावातल्या पोरांच्या २६ तोंडी राक्षसाला आपण विषयबाह्य म्हणायचं? स्पर्धा घेणारी मंडळी कष्ट घेतात, मी त्यांच्यावर रागावून लिहीत नाहीये, पण परीक्षकांनी लाल पेन उघडायच्या आधी गोष्ट एकदा मोठ्यानं वाचून बघावी, शेजारी एखादं पोर बसवून. ते कुठं हसतंय तिथं खूण करावी. शुद्धलेखन सुधारा, ते सुधारायलाच पाहिजे, पण खाली तात्पर्याची ओळ नाही म्हणून मार्क कापू नका. आमच्या पोरांना आता तात्पर्य आधी आणि गोष्ट मागनं लिहायची सवय लागायला लागलीय, गेल्या आठवड्यात एकानं मुंगीवर गोष्ट सुरू केली आणि पहिलीच ओळ कष्टाचे फळ गोड असते, पुढं मुंगीला काय करायचं तेच त्याला सुचेना, वही तशीच टाकून गेला.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांचा कोपरा असतो. बहुतेक वेळा तिथं मोठ्यांनी मुलांसाठी लिहिलेलं असतं. महिन्यातनं एक रविवार मुलांनी लिहिलेली गोष्ट जशीच्या तशी छापाल का? जागा कमी असेल तर क्रमशः छापा, पोरं थांबतील, मी पण थांबेन. दोन्ही वह्या माझ्याकडं गिरणीत पिठाच्या डब्यावर ठेवल्यात, पुराला घाबरून जरा उंचावरच ठेवल्यात. कप्तान परवापासून परत यायला लागलीय आणि दुसऱ्या भागासाठी मला नवीन शीड शिवायला सांगितलंय, या वेळी पन्नास किलोच्या पोत्याचं. तुम्ही हो म्हणालात तर दोन्ही वह्यांची झेरॉक्स काढून पाठवते. छापताना काना मात्रा वेलांटी काय ती दुरुस्त करा, फक्त मगरीला हात लावू नका.

आपली नम्र,
एक गिरणीवाली वाचक,
गावभाग, सांगली