पाकिटासाठी आईचा चेहरा लागतो, पण आई त्या वेळी कामावर असते

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना खुलं पत्र

नमस्कार,

मी पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत राहते आणि माझी आई इथलीच अंगणवाडी सेविका. तिचं माहेर आंबिल ओढ्याच्या अलीकडे, सासर पलीकडे, त्यामुळे निम्मी वस्ती तिला ताई म्हणते आणि निम्मी वहिनी. हे पत्र तिला न विचारता लिहितीये, विचारलं असतं तर म्हणाली असती, गप बस, कशाला उगाच.

विषय मानधनाचा नाही. म्हणजे आहेच, केंद्राने ठरवलेलं मानधन २०१८ साली साडेचार हजार झालं, त्यानंतर गॅसपासून रिक्षापर्यंत काय काय वाढलं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण ते भांडण युनियन भांडतीये. मला चेहऱ्याबद्दल बोलायचंय.

१ जुलै २०२५ पासून टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराचं, पाकीट द्यायचं तर मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकर ॲपवर घेणाऱ्याचा चेहरा जुळायला लागतो. गरोदर बाई, स्तनदा माता, सहा महिने ते तीन वर्षांची पोरं, सगळ्यांना हेच. पोरांच्या बाबतीत पालकाचा चेहरा. मधल्यामध्ये पाकिटं गायब होऊ नयेत हे मलाही पटतं. पण आमच्याकडच्या आया सकाळी सातलाच सहकारनगर नाहीतर सदाशिव पेठेत धुणीभांडी, पोळ्या करायला बाहेर पडतात आणि दुपारी अडीच-तीनला परत येतात, तोवर अंगणवाडी बंद. पोराला कडेवर घेऊन येते ती आजी, आणि आजीचा चेहरा तर नोंदवलेलाच नाही. आधी तिचा अंगठा चालायचा.

नोंदणी करायची म्हटलं तर ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर जातो, तो मोबाईल त्या बाईच्या नवऱ्याकडे, नवरा टेम्पो घेऊन मंचरला, माझी आई फोन लावते, तो म्हणतो गाडी चालवतोय थांबा, आणि त्याने आकडे सांगेपर्यंत टाईम संपलेला असतो. परत पहिल्यापासून.

मग आई काय करते, तर संध्याकाळी आमचा कुकर लावून पिशवीत पाकिटं घेऊन गल्लीत निघते. परवा मीपण गेले होते. एक बाई भाकरी थापत होती, हाताला पीठ तसंच, आईने तिला दाराबाहेर खांबाच्या लाईटखाली उभं केलं, "जरा वर बघ गं, पदर मागं घे." स्क्रीनवर गोल गोल फिरत राहिलं. नेट गेलं. शेजारच्या पोरी हसायला लागल्या, काकू सेल्फी काढतायत. तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच. आणि ही वेळ कुठल्याच हजेरीत धरली जात नाही, बरं का.

आईला खरं जे येतं ते वेगळंच आहे. दंडाला पट्टी लावायची, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेलं की पोर तीव्र कुपोषित, हे तुमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात. पण ती पट्टी काढायच्या आधीच, पोर झोळीच्या काट्यात कसं बसतंय, रडतंय की नुसतंच बघतंय, यावरून ओळखते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हा आमच्या घरात गुडघाभर चिखल होता आणि सकाळी ही बाई कोणाकडे तान्हं आहे, दूध मिळालं का, हे बघत फिरत होती. मी जाम चिडले होते. अजूनही थोडी आहे. शाळेच्या पालकसभेला माझ्या मागे कायम आत्या यायची.

ॲप केंद्राचं आहे हे मला माहितीये. पण केंद्राला पत्र तर तुम्ही लिहू शकता ना? एका पोरामागे दोन चेहरे नोंदवू द्या, आई आणि घरातलं अजून कोणीतरी. ओटीपी आला नाही किंवा नेट गेलं तर त्या दिवशी सही घेऊन पाकीट द्यायची मुभा द्या, लेखी द्या, नाहीतर सुपरवायझर मॅडम सेविकेलाच झापतात. आणि संध्याकाळचं वाटप करायला लावताय तर ते कामाच्या तासांत धरा.

बघायला यायचं असेल तर साडेसातनंतर या. सकाळी नको, सकाळी सगळे रांगोळी काढून ठेवतील.

एका सेविकेची मुलगी,
दांडेकर पूल, पुणे